दोनदा घेतलेलं नाव

आबा गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन तास घेतला. घरात सुतक, आणि मी फळ्यावर गिधाड काढत होतो. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली. बाप जाऊन तीन दिवस झाले नाहीत आणि हा माणूस गिधाडं कसली काढतोय, असं एक जण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाला. ते गिधाड म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेतला 'आई' हा शब्द होता. मुत. त्या आठवड्यात तोच भाग शिकवायचा होता, म्हणून शिकवला.

मला काही वाटत नव्हतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात, मग आपलीच हिरडी जिभेला परकी लागते, तसं झालं होतं. लोक भेटायला येत, गळा काढत. मी त्यांना पाणी देई आणि घड्याळ बघे. आबांबद्दल मला राग नव्हता, दुरावा नव्हता. मेंढरं राखून त्यांनी मला एम.ए. केलं. तरीही काही वाटत नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

मी अंबाजोगाईत इतिहास शिकवतो. प्राचीन जगाच्या पेपरात इजिप्तवर एक प्रकरण आहे. बाकीचे प्राध्यापक ते पिरॅमिडच्या चित्रावर भागवतात. मी मात्र इंटरनेटवरून धडे बघून, मागवलेली पुस्तकं फाटेपर्यंत वाचून ती लिपी शिकलो. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला गरज नव्हती. वर्गात अकरा मुलं, त्यातली पाच पोलीस भरतीच्या मागे. त्यांच्यासाठी मी एक कागद तयार केला होता. डावीकडे चित्रं, मधे अर्थ, उजवीकडे देवनागरीत उच्चार. पेर म्हणजे घर. नेफेर म्हणजे चांगलं, सुंदर. मिऊ म्हणजे मांजर, यावर दरवर्षी वर्ग हसतो. इत म्हणजे वडील. 'वडील' लिहिताना ते लोक शेवटी एक शिंगवाला साप काढायचे, पण तो वाचायचा नाही. तो का काढायचा, हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

कागदाच्या तळाशी मी दरवर्षी एक टीप छापतो, आणि ती दरवर्षी कुणी वाचत नाही. टीप अशी, की उजवीकडचे सगळे उच्चार खोटे आहेत. ते लोक स्वर लिहीतच नसत, फक्त व्यंजनं लिहीत. न, फ, र एवढंच दगडावर आहे. मधले स्वर ज्यांना ठाऊक होते ते मेले. आता तोंडानं म्हणता तरी यावं म्हणून अभ्यासकांनी आपल्या सोयीनं मधे 'ए' घातला आणि नेफेर केलं. पुढच्या काळात हीच भाषा कॉप्टिक नावानं चर्चच्या प्रार्थनांत उरली, आणि तिची लिपी स्वर दाखवणारी. त्यावरून काही शब्दांचा अंदाज बांधता येतो. 'नाव' या शब्दाला आपण रेन म्हणतो, कॉप्टिकमध्ये तो रान होतो. मुलं म्हणाली, "सर, रान म्हंजी नाव?" मी म्हणालो, योगायोग आहे, त्यात काही नाही, पुढं चला.

दहावा-तेरावा उरकल्यावर मेंढरं चुलतभावाकडे दिली आणि आईला माझ्याकडे आणलं. आमचं गाव सिरसाळ्यापासून आत, तिथं ती एकटी राहिली नसती. मी एकटाच राहतो, त्याची कारणं इथे नकोत. दोन खोल्या आणि पुढे जरा व्हरांडा. आई व्हरांड्यात बसे आणि रस्त्यानं जाणारी गुरं मोजे.

एकदा मी आत बसून एका अक्षराचा सराव करत होतो. हाताच्या चित्रानं लिहितात ते अक्षर, घशाच्या तळातून काढायचं असतं. अभ्यासकही ते सोडून देतात आणि सरळ 'आ' म्हणतात. माझा हट्ट, ते जमलंच पाहिजे. आई बाहेरून म्हणाली, "घशात काय आडकलंय रं तुज्या? पाणी पी." मी तिला सांगितलं असा असा आवाज काढायचाय. तिनं तो काढला, एका दमात, घसा किंचित आवळून. ती म्हणाली, "ह्यो तर एडका थांबवायचा आवाज. तुला येत न्हाई व्हय? आबानं शिकवला न्हाई?" मी म्हणालो, मी वसतिगृहात होतो.

आता त्या नावाची गोष्ट.

आईनं लग्न झाल्यापासून आबांचं नाव कधी घेतलं नाही. आमच्याकडं त्या वयाच्या कुठल्याच बाईनं घेतलेलं नाही. नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हा त्यामागचा समज. आबांचं नाव एका देवाचं. म्हणून आई त्या देवाच्या यात्रेत जयघोष झाला की ओठ मिटून उभी राही. देवाचा विषय निघाला तर ती त्याला 'डोंगरावरचा' म्हणे. देवाला राग आला तर येवो, पण धन्याचं आयुष्य कमी व्हायला नको, असा तिचा सरळ हिशेब होता. आबांना ती "आवं" म्हणायची. बाहेर "ह्येन्ला", "ह्येंच्या", आणि माझ्यापाशी "तुजे आबा".

आणि आबांना नावं दोन होती. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून त्यांचं खरं नाव देवाचं ठेवलं आणि हाक मारायला एक टाकाऊ नाव दिलं, दगडधोंड्याचं. मरणानं ते नाव ऐकावं आणि म्हणावं, हे कशाला न्यायचं, राहू दे. युक्ती लागू पडली म्हणायची, आबा सत्तरी ओलांडून गेले. गाव त्यांना त्या धोंड्याच्या नावानंच ओळखे. खरं नाव सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, मतदारयादीत, आणि माझ्या नावाच्या मधोमध.

चैत्रात त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी बाहेरच्या एका परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक होतो आणि माझा फोन बंद होता. आईनं शेजारच्या जीपवाल्याला हाक मारली. दोघांनी त्यांना जवळच्या मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं. खिडकीपाशी कागद करणाऱ्यानं विचारलं, पेशंटचं नाव? आईनं जीपवाल्याकडं पाहिलं. बायका तसंच करतात, दुसऱ्या कुणीतरी सांगायचं असतं. जीपवाल्यानं त्याला माहीत होतं ते सांगितलं, धोंड्याचं. त्याचा काही दोष नाही, कागद करणाऱ्याचाही नाही. खरं नाव माहीत असलेली एकटी बाई तिथं उभी होती आणि तिनं तोंड उघडलं नाही. आत माणूस जाऊ-राहू करतोय आणि नेमकं तेव्हा त्याचं आयुष्य कमी करायचं? तिनं अंगठा दिला. तासाभरात ते गेले.

मृत्यूचा दाखला आला तो त्या नावाचा. कागदावर जो मेला तो माणूस कुठल्याच सरकारी कागदावर कधी नव्हता, आणि जो होता तो अजून जिवंत होता. मधे निवडणूक आली तेव्हा आबांच्या नावाची मतदानाची चिठ्ठी गावच्या घरी आली, चुलतभावानं ती आणून दिली. आईनं ती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली.

मला हे सहन होईना. शेत आईच्या नावावर व्हायला हवं होतं, हे कारण खरंच होतं. पण त्याची घाई नव्हती, तिचं पोट माझ्याकडं चाललं होतं. खरं म्हणजे मी चुका दुरुस्त करणारा माणूस आहे. लग्नपत्रिकेतसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की माझं जेवणात लक्ष लागत नाही. बापाच्या दाखल्यावर चूक, आणि मी गप्प बसू? मी दवाखान्याच्या गावी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात गेलो. सरकारी काम, सहा महिने थांब, हे मी धरूनच गेलो होतो. पण तिथं सांगितलं ते वेगळंच. दवाखान्याच्या कागदावर अंगठा आईचा आहे, तेव्हा चूक झाली हे प्रतिज्ञापत्रावर आईनंच सांगायचं. समोर येऊन, तोंडानं.

आई म्हणाली, "मी न्हाई."

मी समजावलं. मग चिडलो. "ते गेले, माय. आता आयुष्य कुठलं कमी व्हायचंय?"

"कागुदावर हायत की."

"म्हणून काय झालं?"

"तुज्या आज्जीनं यमाला फशिवलं," ती म्हणाली. "त्यो धोंडा घिऊन गेला. माणूस राह्यलाय कागुदावर. राहू दी की मंग. तुजं काय खातोय?"

मी तिला अडाणी म्हणालो. हे लिहितानाही मला फार वाटत नाहीये, पण म्हणालो हे खरं. ती उठून आत गेली आणि भाकरी टाकायला लागली. त्यानंतर मी महिनाभर तो विषय काढला नाही, आणि तिनंही नाही.

कार्तिक लागला. ऊसतोडीला निघालेल्या लोकांचे ट्रॅक्टर दिवसभर रस्त्यानं जात होते. एका रविवारी सकाळी आई बाजरी निवडत होती आणि मी पुढच्या सत्रासाठी माझा तो कागद दुरुस्त करत होतो. वाऱ्यानं एक पान तिच्या सुपात जाऊन पडलं. तिनं ते उचलून लांब धरून पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण त्या पानावर वाचण्यासारखं नव्हतंच, चित्रंच होती.

"ह्या कड्यात काय हाय?"

राजांची नावं लंबगोल कड्यात लिहीत. मी म्हणालो, "राजाचं नाव आहे."

"कोंडून कशाला ठिवलंय?"

"कोंडलेलं नाही, जपलंय. त्यांचा समज होता, की नाव राहिलं तर माणूस राहतो. मेलेल्याचं नाव कुणी घेतलं की त्याला तेवढं जगणं मिळतं. कुणाशी वैर असलं तर त्याचं नाव दगडावरून खरवडून काढायचे."

"म्हंजी आमच्या उलटं."

"उलटंच."

ती थोडा वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "आन् आता तुमी घेता ती नावं. त्येन्ला पोचत्यात का?"

इथे मी 'हो' म्हणायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या मुलानं म्हटलं असतं. पण कागदाच्या तळाची ती टीप आजवर कुणी वाचली नव्हती, आणि इथं कुणीतरी नेमकं तेच विचारत होतं. मी खुर्ची सरकवून तिला सगळं सांगितलं. स्वर लिहीत नसत, ते ऐकलेलं माणूस उरलं नाही, मधला 'ए' आपण सोयीनं घातलाय. राजाचं नाव आपण जसं घेतो तसं त्याच्या आईनं कधी घेतलं नसेल. राजा आत्ता इथं दारात उभा राहिला तर त्याला आपण त्यालाच बोलावतोय हे कळणारसुद्धा नाही. हे शेवटचं वाक्य मी वर्गात नेहमी म्हणतो, तिथं ते चालतं.

"येवडी वर्सं झाली, आन् हाक चुकीचीच मारता?"

"हो."

"चुकीच्या हाकंला मेंढरू बी मान वळवत न्हाई," आई म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. सूप तिच्या मांडीवर तसंच होतं आणि बोटं बाजरीत थांबली होती. मग ती बोलली, पण माझ्याशी नाही, सुपाशी बोलल्यासारखी.

"तुज्या आबाला आमी धोंड्याच्या नावानं धाडलं. तितं कुणी त्येंच्या नावानं हाक मारत आसंल तर ह्ये जायचे कसे? कागूद तर म्हनतोय ह्ये गेलेच न्हाईत. हितं बी न्हाईत आन् तितं बी न्हाईत. सात म्हैनं झालं, मधीच हुबं हायत."

मी घाईनं म्हणालो, तसं काही नसतं, माय, हे सगळं लोकांचं समजणं. ती म्हणाली, "तूच सांगितलं न्हवं आत्ता?" मग तिनं विचारलं, "उद्या तुला सुट्टी हाय का?"

म्हणजे जे सहा महिने मला हवं होतं ते असं मिळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला तिला म्हणायचं होतं, नको जायला, राहू दे आबांना कागदावर. पण मी अर्ज काढून आबांचं नाव, तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात भरलं.

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होती. कार्यालयात एका तरुण बाईच्या टेबलापुढं आम्हाला बसवलं. त्या अधिकारी होत्या, वागायलाही बऱ्या. आमचे कागद बघता बघता त्यांचा फोन वाजला, आणि त्या नवऱ्याला सरळ नावानं हाक मारून म्हणाल्या, अरे, गॅस बंद केलास का? आई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला वाईट वाटलं की हेवा वाटला, मला कळलं नाही.

"आजी, मालकाचं पूर्ण नाव सांगा," त्या म्हणाल्या.

सवयीनं आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि सवयीनं मी तोंड उघडलं. बाईंनी हात आडवा केला. "तुम्ही नाही सर. त्यांनी."

शेजारच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "आजी, उखान्यात घ्या, उखान्यात." दोघं-तिघं हसले. त्याच्या कानाखाली द्यावी असं मला वाटलं, आणि वाटलं याचंच नवल वाटलं. कितीतरी महिन्यांत मला काही करावंसं वाटलं नव्हतं.

आईला ते ऐकूच गेलं नसावं. तिनं पदर डोक्यावर ओढला, पायातल्या चपला काढून बाजूला सरकवल्या, आणि खाली बघत नाव घेतलं.

तेवढ्यात मागं प्रिंटर सुरू झाला होता.

"जरा मोठ्यानं, आजी. ऐकू नाही आलं."

आईनं मान वर केली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. चोरी पकडली जावी तसा झाला होता. मग तिनं दुसऱ्यांदा नाव घेतलं, आणि ते रानातल्या आवाजात घेतलं, या बांधावरून त्या बांधावर जाईल असं. सगळी टेबलं वर बघायला लागली.

ते नाव मी पहिलीच्या दाखल्यापासून लिहीत आलोय. हजेरीपटावर, पगारपत्रकावर, प्रत्येक पेपरावर. मला वाटायचं ते मला येतं. पण ती म्हणाली तसं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. देवाचं असलं तरी आमच्याकडं ते तोडून, घाईनं, निम्मं गिळून घेतात. तिनं ते पुरतं घेतलं. जिथं लांबवायचं तिथं लांबवलं, आणि शेवटाला एक हेल होता तो कुठून आला मला माहीत नाही. लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी तिला नवरदेवाचं नाव एकदा सांगितलं असेल, बहुधा तिच्या आईनं. ते तिनं पेटीतल्या न नेसलेल्या लुगड्यासारखं तसंच ठेवलं होतं. इतकी वर्षं तिनं ते बाहेर काढलं नव्हतं.

बाईंनी लिहून घेतलं, अंगठा घेतला, शिक्का मारला. म्हणाल्या, आठवड्यात नवा दाखला मिळेल, मग बाकीच्या कागदांवरही लागेल. आईनं कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून ती मतदानाची चिठ्ठी काढली. घड्या नीट करून टेबलावर ठेवली.

"ह्ये बी घ्या," ती म्हणाली. "आता त्येंचं काम न्हाई."

बाईंना काही समजलं नाही. मी ती चिठ्ठी परत उचलली नाही.

परतीच्या एस.टी.त आई खिडकीशी बसली. कुंकू तिनं चैत्रातच पुसलं होतं, तरी वाटलं की ती विधवा आज झाली. शिक्का मारलेली प्रत माझ्या हातात होती. बराच रस्ता गेल्यावर तिनं विचारलं, "काय लिवलंय त्याच्यात? वाच."

मी वाचायला लागलो. मी खाली सही करणार, राहणार अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की माझे पती... आणि आबांचं नाव वाचलं.

"तसं न्हाई," आई म्हणाली.

मी परत वाचलं, सावकाश, ती म्हणाली होती तसं लांबवून.

"न्हाई. तसं न्हाई त्ये."

"मग कसं? तू म्हणून दाखव ना एकदा."

ती बाहेर बघत होती. एक ट्रॅक्टर मागं पडला, त्यात पोरं, भांडी, एक शेळी.

"दोनदा घेतलं," ती म्हणाली. "येकदा त्येन्ला सोडायला, येकदा त्या बाईला आयकू जायला. आता न्हाई."

मग मला रडू आलं. चैत्रापासून आलं नव्हतं ते भर दुपारी, भरलेल्या एस.टी.त, कंडक्टर बघत असताना आलं. आईनं पदर पुढं केला. रडता रडताच मी ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होतो, अंबाजोगाई येईपर्यंत. तसं होत नव्हतं.